दोन्हीकडून बसणारा फिल्टर

संगप्पाच्या हाताला डोळे आहेत, असं औशात म्हणत. स्टँडमागच्या त्याच्या गॅरेजात गाडी लावली की माणूस निवांत चहाला जायचा. हाताकडं बघत उभं राहायची गरज तीस वर्षांत कुणाला वाटली नव्हती. तो बोलत असायचा एकाशी, बघत असायचा रस्त्याकडं, आणि हात आपले इंजिनात. पाना कितीचा, हे त्याची बोटंच ठरवायची. तेव्हा त्याला आई आठवायची, पहाटेच्या जात्यावरची:

हाताला फुटले डोळे, दळते मी अंधारी,
पीठ सांडेना भुईला, बाळ निजलं मांडीवरी.

तेच दोन हात आज गुडघ्यांवर बसून होते, नांगर मोडल्यावर बसलेल्या बैलजोडीसारखे.

समोर तनुजाची मोटारसायकल उघडून पडली होती. तनुजा म्हणजे त्याच्या जुन्या दोस्ताची, आप्पासाहेबाची लेक. वाडीवरून लातूरला लॅबमध्ये जायची, रक्ताचे नमुने घ्यायला. उपाशी पोटाची माणसं सहालाच रांगेत बसत. वाडीची पहिली बस आठला. म्हणून गाडी. काल सकाळी लातूर रोडवर चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं, मागचं चाक जागीच थांबलं, आणि पोर रस्त्यावर घसरत गेली. कोपर सोलला. मागं ट्रक नव्हता, एवढंच.

ऑइल काठोकाठ होतं. तरी वरचा भाग कोरडा पडून निळा जळालेला. संगप्पानं तीन बोल्ट काढले, झाकण उघडलं आणि फिल्टर बाहेर ओढला. कागदाच्या घड्यांचा, अंगठ्याएवढ्या लांबीचा. त्याचं बंद तोंड इंजिनाकडं होतं.

तीन दिवसांपूर्वी त्यानंच बसवला होता. आप्पासाहेब समोर बसून थोरल्या जावयाची नक्कल करत होता, आणि संगप्पा हसत होता. आधीच्या गाड्यांतल्या फिल्टरला दोन्हीकडून भोक असायचं; कसाही घाला. या नव्या गाडीतल्याला भोक एकाच बाजूला. ते आत गेलं तर ऑइल वर चढतं. बंद बाजू आत गेली तर वाटच बुजते. आणि बसतो मात्र दोन्हीकडून सारखाच, गोडीगुलाबीनं.

कुठल्या शहाण्यानं केलं असेल हे? किल्ली उलटी घातली तर कुलूप घेत नाही. चप्पल उलटी घातली तर अंगठा बोंबलतो. चुकणाऱ्या हाताला कुठंतरी टोचायला नको?

पण कंपनीला शिव्या देऊन चूक कंपनीची होत नव्हती.

"काय करायलास रे? मयतीला बसल्यावानी बसलास." आप्पासाहेब आत आला. मागं तनुजा, कोपराला पट्टी. "नीट कर आन् गिऱ्हाईक बघ. विकायची."

"विकायची? आन् पोरीची नोकरी?"

"न्हाई जायची आता. हिला गाडी झेपत न्हाई. गिअर वढीत असंल, इंजिन तापीत असंल. न्हाईतर नवी गाडी अशी बसती व्हय?"

"बाबा, मी सांगितलं की, चाळीसच्या वर नव्हते."

"तू गप. हाड मोडलं असतं म्हंजे?"

संगप्पा गप्प बसला तर त्याचं नाव राहत होतं. पोरीकडं बघितलं; ती जळालेल्या लोखंडाकडं बघत होती, आपलंच काही जळाल्यासारखी.

"आप्पा," तो म्हणाला, "चूक तिची न्हाई. माझी हाय. फिल्टर उलटा बसिवला मी."

आप्पासाहेब आधी बघत राहिला, मग हसला. "लई मोठं काळीज हाय गा तुझं."

"अरे, खरं सांगायलो!"

"तुझा हात चुकतो? माझ्या बापाच्या राजदूतपासून बघायलोय. पोरीसाठी पाप अंगावर घिऊ नको."

संगप्पानं नवा फिल्टर काढला आणि त्याच्या हातात दिला. "डोळं झाक. बसव ह्यात."

आप्पासाहेबानं डोळे मिटून फिल्टर ढकलला. "बसला."

"बघ आता."

बंद तोंड आत गेलं होतं. आप्पासाहेबानं वाकून निरखून बघितलं. आता पटलं, असं संगप्पाला वाटलं.

"तूच तसा दिलास हातात," आप्पासाहेब म्हणाला. "पुरं झालं. लेकरू हाय माझं. वाचलं, तेवढं बास." त्याचा आवाज फाटला, आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

तनुजानं फिल्टर उचलला. "मामा, कुठलं तोंड आत?"

"भोकाचं. इंजिनाकडं." त्याला तिच्याकडं बघवेना. "माफ कर, माय."

"तुम्ही बोललात तरी," ती म्हणाली.

बारा दिवसांत गाडी उभी राहिली. एक पैसा त्यानं घेतला नाही. मुरुडचा एक दुकानदार न्यायला आला. लॅबमध्ये तोवर दुसरी मुलगी लागली होती. तनुजा बापाबरोबर सही करायला आली होती. दुकानदारानं किक मारली तेव्हा ती पुढं झाली.

"ऑइल बदलताना जवळ उभे राहा, काका. फिल्टरचं भोक आतल्या बाजूला पायजे. उलटा बी बसतो."

"आता पोरी शिकवायल्या गाडी!" दुकानदार आप्पासाहेबाकडं बघून हसला. आप्पासाहेब हसला नाही. गाडी मुरुडच्या दिशेनं गेली. आवाज स्वच्छ होता, सुईच्या टाक्यासारखा सारखा. तनुजा तो ऐकू येत होता तोवर थांबली, मग बापाच्या मागं बसून वाडीला गेली.

दुपारी पुढची गाडी आली. तसलीच, नवी. संगप्पानं फिल्टर उजेडात धरला, फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला.

"काय मामा, आता बघून बसवायलाव?" गाडीवाला म्हणाला. "तुमच्या हाताला तर डोळे हायत."

"थांब जरा. तू बी बघ," संगप्पा म्हणाला.

पण गाडीवाला तोवर चहाला निघून गेला होता.