साडूचा गळा

जेलचा थेंब साडूच्या गळ्याच्या खळगीत थरथरत होता... बोलण्यामुळे, अर्थात. या माणसाला गळ्यावर जेल ओतलं तरी बोलायचंच असतं.

"मशीन जुनं दिसतंय हो. आमच्या ओळखीत एकाकडे याच्या पुढचं आलंय."

"बोलू नका," मशीनचा प्रोब गळ्यावर टेकवत तो म्हणाला. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्याच्या जिभेवर होतं. आज डॉक्टरकीच्या आडून म्हणता आलं.

काम तसं सोपं. सोनोग्राफीचं मशीन गळ्यातल्या गाठीत एक हलकी लहर सोडतं. मऊ मांसात ती रेंगाळते, कडक मांसात सुसाट पळते, आणि पडद्यावर मऊ ते निळं, कडक ते लाल. गाठ फार कडक निघाली तर काळजीचं. अट एकच, हात हलका हवा. दाबलं की धडधाकट मांसही लाल दिसतं. मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईला तो सकाळीच सगळ्यांदेखत म्हणाला होता, "इस्त्री करतेस का?" रड्या चेहऱ्याची पोरगी — असल्यांना कोण पास करतं कुणास ठाऊक.

आणि हा साडू! सासूबाईंचा लाडका थोरला जावई. सासरे आजारी असताना फळांची पिशवी हलवत यायचा आणि डॉक्टरांनाच औषधं सुचवायचा... एकदा भरल्या पानावर म्हणाला होता, "आमचे डॉक्टर म्हणजे काय, फोटोग्राफरच की!" सगळे खो खो हसले. बायकोही — तोंडावर हात धरून, पण हसलीच.

पडदा लालभडक झाला.

त्याने चित्र थांबवलं. गाठ लाल, ठीक. पण गाठीवरचा निरोगी स्नायूही लाल? त्याने मनगट सैल केलं. लाल विरलं, कडेला निळं आलं. पुन्हा टेकवलं — पुन्हा लाल. एक चित्र दुसऱ्याशी जुळेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मागे डॉक्टरीणबाई चुळबुळली आणि त्याच्या मनगटाकडे बघू लागली.

"दुसरीकडे नाही गेलो," साडू छताकडे बघत म्हणाला. आवाजातली सगळी मिजास उतरली होती. "म्हटलं, तुम्हीच बघा. हिला अजून सांगितलं नाहीये... बरं आहे ना हो?"

आता आली आठवण! त्याच्या ओठांवर ते जुनं, सवयीचं हसू येऊ लागलं आणि अर्ध्यात थिजलं. कारण पडदा पहिल्यांदा लाल झाला तेव्हा, दाब बघायच्याही आधी, एक क्षणभर... बरं वाटलं होतं. आत कुठेतरी छान, गार वाटलं होतं.

त्याने प्रोब उचलून धरला. साडू गिळायचंही थांबून, आज्ञाधारक मुलासारखा पडून होता. गाठ कडक होती की त्याचाच हात जड झाला होता, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आणि हात पुन्हा त्या गळ्यावर टेकवायची त्याला भीती वाटत होती.