पंचांना खाऊ घालू नये

लखनौच्या चौदा वर्षांखालील हॉकी लीगचा अकरावा नियम सचिव निरंजन देवधरांनी स्वतः लिहिला होता: पंचांना कोणत्याही संघाने खाऊ घालू नये.

रेल्वेत इंजिनियर असलेल्या देवधरांना हा नियम करावा लागला, कारण पंच विष्णू पांडे फार प्रामाणिक होते. कुणाचं खाल्लं, की आपण विकले गेलो नाही हे दाखवायला ते त्याच संघाला धारेवर धरत. निशातगंजवाल्यांनी एकदा प्रेमाने कचोऱ्या चारल्या आणि त्यांचे दोन खेळाडू कार्ड घेऊन बाहेर बसले. समोर आलेल्याला नाही म्हणणं मात्र पांडेजींना जमत नसे.

१९९३च्या जानेवारीत विकास नगर आणि चौक या मोहल्ल्यांच्या संघांचा अंतिम सामना होता. आदल्या वर्षीची लीग पंचांवरच्या भांडणात मोडली होती. यंदाही तक्रार झाली असती, तर पुढच्या वर्षी पोरांना मैदान मिळालं नसतं. त्यात देवधरांचा अमोघ विकास नगरचा गोलकीपर.

पूर्वार्धात शिट्टी सारखी विकास नगरविरुद्धच वाजली. चौक एका गोलने पुढे. मध्यंतरात पांडेजी हसत आले.

"देवधरजी, नियम भी आपका और मलाई गिलौरी भी आपकी! सुबह जो भिजवाई, लाजवाब थी. मगर मुझसे रियायत की उम्मीद मत रखिएगा."

ते पाणी प्यायला गेल्यावर देवधरांनी बायकोकडे पाहिलं.

"मी?" सरला म्हणाली. "मला सायीची ती गिलौरी मिठाई करता आली असती, तर तुम्ही या खुर्चीत मावला नसता."

मग तिने पलीकडे पाहिलं. चौकच्या संघाचे व्यवस्थापक, चिकनकारी भरतकामाच्या कपड्यांचे व्यापारी रस्तोगीजी, मन लावून आकाश बघत होते.

"अच्छा! आपल्या नावाने यांनी पाठवली," देवधर उठले. "पांडेजींना खरं सांगतो."

"सांगा. गोलकीपरच्या बापाने मध्यंतरात पंचांचे कान भरले, असं संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

देवधर बसले. सरलाने सामन्यानंतर पोरांना द्यायला आणलेला गूळपोळ्यांचा डबा उघडला.

"अगं, अकरावा नियम!"

"तो मघाशीच मोडला. मी फक्त बरोबरी करतेय."

पाण्याच्या टेबलाशी जाऊन तिने पांडेजींपुढे बशी ठेवली. "रस्तोगीजी ने भिजवाया है."

उत्तरार्धात पांडेजींनी कुणालाच धारेवर धरलं नाही. दोघांचंही खाऊन झाल्यावर कुणाला धरायचं, हा प्रश्नच होता. विकास नगरने बरोबरी केली. मग चौकच्या एका चपळ पोराने अमोघच्या पायांमधून चेंडू काढला आणि सामना संपला.

देवधर श्वास रोखून तक्रारीची वाट पाहत होते. अमोघ पॅड सोडत आला.

"पापा, गोल सही था. मैं ही लेट हो गया."

मुलगा हरला म्हणून इतका खूश झालेला बाप त्या मैदानाने पाहिला नसावा.

बक्षीस देताना पांडेजींनी रस्तोगीजींना गाठलं. "वो तिल-गुड़ की रोटी! आपके यहाँ बनाता कौन है?"

रस्तोगीजींनी सरलाकडे चोरून पाहिलं. "जी... घर में ही."

"फिर तो इतवार को आऊँगा."

पांडेजी वळताच रस्तोगीजी हात जोडून आले. "भाभीजी, अब बनाने का तरीका बता दीजिए."

"पहले गिलौरी वाले का पता," सरला म्हणाली.

पुढच्या मोसमात अकरावा नियम बदलला: पंचांना दोन्ही संघांनी मिळून, एकाच ताटात खाऊ घालावे. ही दुरुस्ती पांडेजींनी सुचवली नव्हती. विरोधही केला नाही.