हेडफोनची डावी बाजू

वाहेदनं कुवेतहून हेडफोन आणला तेव्हा साखरखेर्ड्यात तसली वस्तू कोणी पाहिली नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा एप्रिल होता. वाहेद माझा शाळेतला दोस्त, कुवेतला बिजलीचं काम करायचा. दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा आणि घरच्यांसाठी घड्याळं, अत्तरं, साड्या आणायचा. या खेपेला माझ्यासाठी हे जपानी खोकं.

"माणिक, तू आवाजाचा मानूस," तो म्हणाला. "तुले साडी आनून काय करू? घे, लाव कानाले."

मी लाउडस्पीकरवाला. लग्न, सप्ताह, निवडणूक, काहीही असो, पंचवीस गावांत माझेच भोंगे वाजतात. वीस वर्षं झाली. लोक म्हणतात माणिकराव तिरसट आहे. असेन. पण माझ्या मशीनची शिट्टी कोणी ऐकली असेल तर पुढं यावं, असं मी मांडवात उभा राहून म्हणत आलो आहे.

हेडफोन मी आधी हातात तोलून पाहिला. पाव किलोच्या वर असेल. पण डोक्यावर ठेवल्यावर वजन कुठं गेलं ते कळेना. वरची पट्टी नरम, कानाभोवतीच्या गाद्या मऊ आणि रुंद. माझे कान मोठे आहेत, तरी दबले नाहीत. बाहेरच्या बाजूनं तो बंद नव्हताच, नुसती जाळी. त्यामुळं एप्रिलच्या उन्हातसुद्धा कान उबत नव्हते, आणि गाणं चालू असताना गल्लीतली पिठाची गिरणीही ऐकू येत होती. आतला आवाजही बाहेर जायचा. शालूबाई, म्हणजे माझी बायको, चुलीपाशी बसून म्हणायची, "अवो, ते गाणं मले इथं ऐकू येऊन राह्यलं. मंग कानात घालून फायदा काय?"

फायदा काय ते तिला कसं सांगू? तबकडीवर बाई गात होती आणि गाता गाता तिनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. त्याच तबकडीचं गाणं मी हजार लग्नांत वाजवलं होतं, तो श्वास कधी कळला नव्हता. वाहेदनं सांगितलं की आत शंकूसारखा कागद नाही, एक सपाट पातळ पडदा आहे, मिठाईवरच्या वर्खासारखा, आणि तो सगळाच्या सगळा हलतो. मी खूश झालो. शिऱ्यात तूप जिरावं तसा तो आवाज डोक्यात जिरत होता.

फक्त एक गोष्ट खटकली. माझं मशीन दोन्ही बाजूंना एकच आवाज देतं. तेव्हा बाई डोक्याच्या बरोबर मधोमध गायला पाहिजे. ती जराशी उजवीकडं सरकून गात होती.

गादी नीट बसली नसेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी गादी नीट बसवली. बाई आणखी उजवीकडं गेली. आठ दिवसांनी मी कान देऊन, डोळे मिटून, अगदी निवांत दुपारी ऐकलं. डावीकडं काहीच नव्हतं. होतं ते भिंतीपलीकडं कोणी कुजबुजावं एवढंच.

आता आमच्या धंद्यातला पहिला धडा ऐका. दोन भोंग्यांपैकी एक वाजत नसेल तर वायरी बदलून बघायच्या. याची त्याला, त्याची याला. बिघाड जागेवर राहिला तर भोंगा खराब, जागा बदलली तर वायर खराब. 'आधी अदलाबदल, मग पेचकस,' हे मी इतक्या जणांना शिकवलंय की लोक माझी नक्कल करतात. हेडफोनला तर वायरीही बदलायला नकोत. उलटा करून डोक्यावर ठेवला की झालं. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. लहान पोरगंही करील.

मी नाही केलं.

मी पेचकस घेतला. डाव्या बाजूचे चार स्क्रू काढले, जाळी उचलली, पडदा पाहिला. कुठं चीर नाही, धूळ नाही. मीटर लावला. उजव्या बाजूला काटा जिथं थांबला, तिथंच डाव्या बाजूलाही थांबला. मी मीटरला शिव्या घातल्या. मीटर जुना झालाय, मी स्वतःला म्हणालो. स्क्रू परत बसवताना एक दोनदा हातातून पडला.

शालूबाई जवळ येऊन बसली. "काय झालं? मी पाहू का लावून?"

"तुले काय कयते त्यातलं?" मी इतक्या जोरात खेकसलो की ती उठून आत गेली. तिनं लावून पाहिला असता आणि 'दोन्हीकडून वाजते की' म्हटलं असतं, तर मी काय करणार होतो? त्या भीतीनं मी ओरडलो. तिला वाटलं वस्तू महागाची म्हणून ओरडलो.

भीती कशाची, तेही सांगतो. मला हे काम अमडापूरच्या रामरावांनी शिकवलं. त्यांची एक रीत होती. लग्नाआधी भोंगा तपासायचा तर डावा कान भोंग्याच्या तोंडात घालायचा आणि उजव्या हातानं मशीनचं बटण हळूहळू वाढवायचं. जिथं आवाज फाटायला लागतो तिथं थांबायचं. "मीटरवर नाही, कानावर भरोसा ठेव," ते म्हणायचे. वीस वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक भोंग्यात मी डावा कान घातला. पुढं रामरावांना मी एकदाच पाहिलं, त्यांच्या भाच्याच्या लग्नात. दुसऱ्या कोणाचं मशीन होतं आणि भोंगा कर्कश शिट्टी मारत होता. बायका कानावर हात ठेवून उठल्या, पोरं रडायला लागली. रामराव त्याच भोंग्याखाली खुर्चीवर बसून हसत होते. मी पाया पडलो, नाव सांगितलं, तीनदा सांगितलं. ते "जेवून जा, जेवून जा," एवढंच म्हणत राहिले. त्या दिवशी मला त्यांची कीव आली होती. ती आता अंगावर काट्यासारखी उठली.

हेडफोन मी खोक्यात घालून माळ्यावर ठेवला. मग लोणारकडच्या एका लग्नाचं काम आलं. भोंगे बांधले, तपासायला वाकलो, बटण वाढवलं, आवाज फाटला, थांबलो. सगळं नेहमीसारखं. आणि वाकलेलो असतानाच माझ्या लक्षात आलं की भोंग्यात माझा उजवा कान आहे. डाव्या हातानं मी बटण फिरवत होतो. कधीपासून? मला आठवेना. मी बाजू कधी बदलली, महिन्यापूर्वी की वर्षापूर्वी, माझं मलाच ठाऊक नव्हतं. एक कान संपवून मी दुसरा भोंग्यात घालायला लागलो होतो. भर दुपारी मला हुडहुडी भरल्यासारखं झालं. नवरदेवाचा बाप पुंजाजी धावत आला आणि त्यानं मला लिंबाचं पाणी पाजलं. ऊन लागलं म्हणाला. मी हो म्हणालो.

तरीही घरी आल्यावर मी मनाला एकच सांगत होतो, हेडफोन खराब आहे. माणूस बुडताना काडी धरतो म्हणतात, मी तो पातळ पडदा धरून बसलो होतो. जोवर हेडफोन उलटा लावत नाही तोवर बिघाड हेडफोनचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाहेद निरोप घ्यायला आला. शालूबाई मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. वाहेद येऊन बाजेवर बसला आणि त्यानं पहिला सवाल तोच केला.

"काय बे, कसा हाय हेडफोन? तिकडचे दोस्त इचारतीन मले."

"कानाले नरम हाय," मी म्हणालो. "घाम येत नाही. आवाज तर असा साफ की काय सांगू. पन डावी बाजू मेली."

"मेली? नवाकोरा हाय ना!" तो ताडकन उठला. "दे मले. दुकानदार वळखीचा हाय, बदलून आनतो."

बदलून आणतो! मला एवढं हलकं वाटलं की हसूच आलं. तो घेऊन जाईल, दोन वर्षांनी दुसरा आणील, तोवर कशाची परीक्षा नाही. मी खोकं काढून दिलं.

"थांब, आधी पाहू तर दे," वाहेद म्हणाला.

नको म्हणायला तोंड उघडलं, पण काय कारण देणार? त्यानंच तबकडी लावली, हेडफोन डोक्यावर घातला. मी समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. निकालाच्या दिवशी मास्तरकडं पाहावं तसा. वाहेदनं क्षणभर ऐकलं. त्याच्या कपाळावर आठी आली आणि गेली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हाव बे," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या डाव्या कानावर बोट ठोकलं. "ही बाजू मेलीच हाय. काहीच नाही वाजत."

माझे डोळे भरून आले. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. बिघाड हेडफोनचाच होता, मी बरा होतो, वीस वर्षं आणखी भोंगे बांधणार होतो.

आणि तेवढ्यात मला वायर दिसली. त्या हेडफोनची वायर डाव्या बाजूला जोडलेली असते. वाहेदची वायर उजव्या खांद्यावरून खाली लोंबत होती. त्यानं घाईत हेडफोन उलटा घातला होता. मी जी बाजू मेली म्हणत होतो ती त्याच्या उजव्या कानावर होती. ती खरंच मेली असती तर त्यानं उजव्या कानावर बोट ठेवलं असतं. त्याला दोन्हीकडून छान ऐकू येत होतं. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि तो खोटं बोलला.

"दे इकडे," मी म्हणालो.

"राहू दे ना, बांधून ठेवतो."

"दे म्हनलं ना!"

मी तो त्याच्या डोक्यावरून काढला आणि जसा होता तसाच, उलटा, माझ्या डोक्यावर ठेवला. बाई गात होती. ज्या बाजूला मी तीन आठवडे मेलेली म्हणत होतो ती बाजू माझ्या उजव्या कानात स्वच्छ, श्वासासकट गात होती. डावीकडं काही नव्हतं.

हेडफोन उतरवून ठेवला. मी बाजेवर बसलो. वाहेद माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, त्याचे ओठ हलत होते. मी त्याचा हात धरून त्याला उजवीकडं ओढलं.

"खोटं काऊन बोलला बे?"

"तुह्या तोंडाकडं पाहून बोललो," तो म्हणाला. "दुसरं काय करू?"

मग मी त्याच्या अगदी जवळ सरकलो आणि हळूच, त्याच्याच कानात सांगितलं, "वाहेद, मले लय भेव लागून राह्यलं. माहा कान गेला. दुसराही जाईन. रामरावासारखा होईन मी. पन शालूले सांगू नको. तिले अजून काही मालूम नाही."

वाहेद दाराकडं पाहत होता. मीही वळून पाहिलं. मागच्या अंगणातून शालूबाई धावत आली होती. तिचे हात उडदाच्या पिठानं भरलेले होते आणि ती रडत होती. तिच्यामागं, अंगणाच्या कुडापलीकडं, शेजारच्या गोजरबाई आणि गिरणीवरची दोन माणसं उभी होती, सगळी माझ्याकडं पाहत.

मी तर हळूच बोललो होतो.