पाच थरांचं वाक्य

"कॉर्नियम, ल्युसिडम, ग्रॅन्युलोसम..." मावशीची गाडी इथंच अडली. कातडीचे उरलेले दोन थर आजही पसार!

जळीत वॉर्डात तिला सगळे मावशीच म्हणत. वीस वर्षं तिनं इथली फरशी पुसली होती. आता मदतनीस परिचारिकेच्या परीक्षेला बसली होती, आणि दोनदा याच प्रश्नावर आपटली होती. तिसरी संधी शेवटची. नाहीतर निवृत्तीपर्यंत बादली आणि फडकं.

"मावशी, पहिल्या अक्षरांचं वाक्य बनवा की," सिस्टर म्हणाली.

पडद्यापलीकडे चार नंबरच्या काकूंचं ड्रेसिंग चाललं होतं. उकळतं पाणी पायावर सांडून आलेल्या या म्हाताऱ्या बाई. ड्रेसिंगला हात लागला की त्यांचं तोंड सुरू! जावेचं बाळंतपण, नवऱ्याचं घोरणं, काही म्हणजे काही सोडायच्या नाहीत.

मावशीचे डोळे चमकले. "काकू लांबलचक गप्पा सांगतात बसून! कॉर्नियम, ल्युसिडम, ग्रॅन्युलोसम, स्पायनोसम, बेसाले!"

सिस्टर पोट धरून हसली. दोन दिवसांत लिफ्टवाल्यालासुद्धा ते वाक्य पाठ झालं. मावशीला कोण आनंद! आपण तोंडावर थोडंच बोललोय, असं ती स्वतःला सांगत राहिली.

तोंडी परीक्षा वॉर्डातच झाली, आणि परीक्षक डॉक्टर नेमके चार नंबरपाशी थांबले. "त्वचेच्या बाह्य आवरणाचे थर. वरून खाली."

मावशीनं काकूंकडे पाहिलं. वाक्यातला पहिलाच शब्द समोर पडून तिच्याकडे बघत होता. तिला ते मनातसुद्धा म्हणवेना. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"काकू लांबलचक गप्पा सांगतात बसून," काकू हळूच म्हणाल्या.

"आजी, तुम्ही पडून राहा," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, तापात बरळताहेत.

मावशीनं मान खाली घालून पाचही थर धडाधड म्हटले. पास झाली. पण सिस्टरनं अभिनंदन केलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातचं पहिलं ड्रेसिंग काकूंचंच होतं. पट्टी जखमेला चिकटली होती. मावशी ती भिजवून अलगद सोडवू लागली. काकू गप्प. दोन्ही हातांनी खाटेची दांडी घट्ट आवळलेली, कपाळावर घाम, आणि दातावर दात. मावशीला एकदम कळलं, ही बाई इतके दिवस ओरडू नये म्हणून बोलत होती.

"चुकलं हो माझं, काकू," ती म्हणाली. "बोला ना काहीतरी. काहीही बोला."

"नको गं," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "तुझं लक्ष दुसरीकडे जाईल. नवीन आहेस तू."

मावशीनं पट्टीचं पुढचं टोक भिजवलं.