बिनवासाची बाई

"काकू, हा जरा गोडसर आहे." सेंटच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीनं सातवी पट्टी पुढे केली.

बाईनं कागदाची पट्टी नाकाशी धरली. "संत्र्याची साल. मागे व्हॅनिला. आणि ओल्या लाकडासारखं काहीतरी."

"बरोब्बर! पण आवडला का?"

तिनं पुन्हा हुंगून पाहिलं. आत काहीच हललं नाही.

एकतीस वर्षं तिनं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचा वास घेतला होता. रोज सकाळी बाटल्यांची रांग. झाकण काढायचं, हुंगायचं, लिहायचं : मातकट, गंजका, शेवाळी, कुजका. काहीच नसलं तर 'ठीक'. नाकात दुसरं काही शिरू नये म्हणून पावडर बंद, तेल-साबण बिनवासाचे. सगळे तिला 'नाकवाल्या बाई' म्हणत. गेल्या आठवड्यात ती निवृत्त झाली, आणि तिच्या लेकीनं हट्टच धरला : आता खास तुझा असा एक सेंट हवा.

"आई, एखादा तरी आवडला असेल की."

"खोट कशात आहे ते सांगते हवं तर. आवडणं काही जमत नाही गं."

काउंटरवरची मुलगी हसली. लेक हसली नाही. पट्ट्या सारख्या करत म्हणाली, "लहानपणी तू कामाला गेलीस की मी तुझ्या गाऊनमध्ये तोंड खुपसायचे. शेजारची पोरं तसं करायची ना, त्यांना आई सापडायची. मला नुसतं कापड लागायचं."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुझी नोकरीच तशी."

यावर आपल्याला भरून यायला हवं, हे तिला कळत होतं. आलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुला यातला कुठला आवडला?"

लेकीनं चौथी पट्टी उचलली. त्या वासात किंचित मातकटपणा होता. असं पाणी तिनं नळाला जाऊच दिलं नसतं.

"हाच द्या," ती म्हणाली.

बसथांब्यावर तिनं मनगटावर एक फवारा मारला. लेकीनं तो हात ओढून घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. बस आली. चालकानं दोघींकडे पाहिलं, जरा थांबला आणि दार लावून निघून गेला. तिचा हात खांद्यापासून अवघडला होता. तिनं तो खाली घेतला नाही.