फोडलेले रोडगे

माया रोडग्यायनं दावा बुडवला म्हनत होते लोकं! तोंडाले काही हाड?

झालं असं, चांदूर बाजारात मंत्री आले. भर सभेत आमचे हे, पुंजारामजी, उठले अन् विचारलं, "आमच्या गावचा रस्ता कवा होते?" बस्स! फौजदारानं चौकीत नेऊन कोंडलं. ना गुन्हा, ना कागद. मंत्री गेले, मंडप उतरला, तरी सोडेना.

मी रोज कनकेचे मुठीहून मोठे, गोल रोडगे गवऱ्यायच्या विस्तवात भाजून नेले. शिपाई समोरच बसेल राहत. चार मानसायच्या तोंडाकडं पाहत आपल्याच मानसाले खाऊ घालाचं, हे आमच्या घरचं वळन नाही. म्हनून त्यायच्यासाठीबी नेले.

सुटून आले त गावात कुजबुज, पुंजारामनं काही चोरलं असन! यायले लय लागलं. फौजदारावर दावा लावला, मले बिनागुन्ह्याचं कोंडलं हे कोर्टानंच सांगावं म्हनून. फौजदार म्हने, "कोंडलं कुठं? पाहुण्यासारखा ओसरीत बसला होता. बायको रोडगे आणायची, मिळून जेवायचो." कोर्टाले पटलं. दावा खारीज!

घरी येऊन हे म्हनाले, "कर अजून खातिरदारी!" तवापासून यायनं रोडग्याले हात लावला नाही. मी रडली. मंग मलेच राग आला. म्हटलं, आता अपील करूनच राहीन.

अकोल्याचे गोपाळकृष्ण वकील गाठले. ते म्हनाले, "पार्वताबाई, अपिलात सहसा नवी साक्ष घेत नाहीत. जे आधी बोललं गेलंय, त्यातूनच काय ते काढायचं." अन् फौजदाराच्या बाजूनं देवमन हवालदारानं देल्ली साक्ष वाचाले लागले. "रोडगे झक्कास असत. आम्हाला अख्खे मिळत, पुंजारामचे मात्र बाई फोडून द्यायच्या."

वकीलसाहेब थांबले. "फोडून का?"

"काहून म्हंजे?" मी खेकसलीच. "गजातून अख्खा रोडगा जाते काय?"

त्यायनं कपाळावर हात मारला. "आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी विचारलं होतं मले?"

अमरावतीच्या मोठ्या कोर्टात त्यायनं तेवढंच वाचलं अन् म्हनाले, "साहेब, शिपायांना अख्खे आणि पाहुण्याला तुकडे. वऱ्हाडात पाहुण्याच्या पानात फोडलेला रोडगा कोणी वाढतं का? मध्ये गज असल्याशिवाय?"

जजसाहेब वऱ्हाडातलेच. फौजदाराच्या वकिलाले म्हनाले, "तुमच्या घरी वाढतात?"

तो बिचारा खरं बोलला. "नाही साहेब."

"मग इथे का फोडले असतील?"

वकील कागद चाळाले लागला. सारं कोर्ट खो खो हासलं, जजसाहेबायनं तोंडाले रुमाल लावला. अपील मंजूर! पुंजारामले कोंडलं होतं, अन् बेकायदा कोंडलं होतं. मले त नाचावंसं वाटलं.

मंग गावाले रोडग्यायचं जेवन देल्लं. देवमन हवालदारबी आला, मान खाली घालून. म्हटलं, "बस बापा, तुयाच जिभेनं तारलं."

यायच्या पानात अख्खा रोडगा वाढला. हे पाहतच राहिले. म्हनाले, "पार्वता, मी उगाच बोललो तुले." मंग सोताच्या हातानं तो फोडला अन् अर्धा माया हातावर ठेवला. चार मानसायसमोर! मले अशी लाज आली म्हनता! पन खाल्ला.