शंभर मिनिटांचा रस्ता

मी एक जुने आणि स्वभावाने भित्रे घड्याळ आहे. मित्रांनो, मांस वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या विमानात, चालकासमोर माझी जागा. बोलिव्हियाच्या सपाट गवताळ मुलखात, त्रिनिदादला, पहाटे गुरे कापायची आणि दुपारच्या आत मांस डोंगरावरच्या ला पाझला पोहोचवायचे, हे आमचे काम. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, वेळ शंभर मिनिटे. ढगात डोंगर दिसत नाहीत, म्हणून कॅप्टन एव्हारिस्तो माझ्याकडे बघून उडायचे. पन्नासाव्या मिनिटाला चढायला लागायचे, सत्तराव्यापर्यंत शिखरांच्या वर. "हे घड्याळ आहे म्हणून मी आहे," असे ते सगळ्यांना सांगत. ते ऐकून छाती फुगायची, पण भीतीही वाटायची.

कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे घर, दुकान, गाडी, सगळ्यांवर बिअर शिंपडून धरणीमातेचा आशीर्वाद मागतात. त्या वर्षी सहवैमानिक नेमेसियोने भक्तिभावाने अख्खी बाटली माझ्यावर रिती केली. माझ्या काचेला तडा होता. बिअर आत गेली आणि रात्रीत चिकट झाली. दुसऱ्या दिवशी उड्डाण होते. कॅप्टनचे मनगटी घड्याळ कोंबड्यांच्या झुंजीच्या पैजेत गेलेले, नेमेसियोकडे कधी नव्हतेच. सगळी भिस्त माझ्यावर.

ढगात शिरलो आणि माझा काटा अडखळू लागला. डोंगर जवळ येत होते, मी मागे पडत होतो आणि मला ओरडता येत नव्हते. माझी पाचावर धारण बसली.

मांसाची मालकीण तोमासाबाई मागे मालावरच बसली होती. गालात कोकाच्या पानांचा विडा. ती पुढे डोकावली.

"काय हो कॅप्टन, आज अजून वर चढायचं नाही का?"

"आत्ताशी पंचेचाळीस मिनिटं झालीत, मावशी. बसा निवांत."

"कसलं निवांत! माझा एक विडा संपला, दुसऱ्याचा चोथा व्हायला आलाय. आमच्या गावी रस्ता विड्यांवर मोजतात. एक विडा, चाळीस मिनिटं."

"मावशी, हे विमानाचं घड्याळ आहे!" नेमेसियो खो खो हसला.

कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी माझ्या काचेवर बोट आपटले. काटा थरथरला आणि जागच्या जागी राहिला. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"दार उघड, नेमेसियो! वजन कमी कर, नाहीतर चढणार नाही हे!"

तोमासाबाई क्षणभर आपल्या मालाकडे पाहत राहिली. मग तिनेच खांदा लावून पहिली तंगडी बाहेर लोटली. "बघतोस काय मेल्या? ढकल!"

हलके झालेले विमान कण्हत वर चढले. ढग फाटला आणि चाकांखालून काळा खडक सरकत गेला, इतका जवळून की त्यावरचे बर्फाचे कण मोजता आले असते.

ला पाझला उतरल्यावर कॅप्टनने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "आत्ताच्या आत्ता भंगारात घालतो याला!"

रिकाम्या विमानापाशी उभी असलेली तोमासाबाई वळली. "त्याच्यावर कशाला राग काढता? बिचारं आतल्या आत मरत होतं, आणि तुम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघून निर्धास्त बसला होतात!"

कॅप्टनने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी त्यांनी मला दुरुस्तीला नेले.

मित्रांनो, ज्या मुक्या वस्तूवर तुम्ही जीव सोपवता, तिला कधीतरी उघडूनही बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.